शुक्र हाजिर हो

नेरला बदली झाली तेव्हा मला राहायला खोली मिळाली ती एका मंगल कार्यालयातली. दारावर लाल अक्षरांत 'वधूपक्ष' लिहिलेलं आणि आत भिंतीला टेकवलेला पुरुषभर उंचीचा आरसा. मी गुरांची डॉक्टर. दिवसभर गाई-म्हशींच्या मागेपुढे करायचं आणि संध्याकाळी शेणानं माखलेले गमबूट हातात घेऊन 'वधूपक्षा'त शिरायचं. समोरच्या पानठेल्यावरची मंडळी पहिले काही दिवस खिदळली, मग त्यांनाच कंटाळा आला.

"अट एकच," घरमालक काका पहिल्याच दिवशी म्हणाले. "लग्न आलं का खोली खाली करून द्या लागंल. नवरीले तयार व्हाले जागा नको का?"

"वर्षात किती लग्नं होतात इथं?"

काकांनी आभाळाकडं बोट केलं. "ते त्याच्या मर्जीवर आहे."

मला वाटलं देवावर हवाला टाकताहेत. माणूस श्रद्धाळू दिसतो, असं म्हणून मी सामान आत घेतलं. तो हवाला देवावर नव्हता, शुक्रावर होता, हे कळायला मला पुढचा आठवडा लागला.

काका कोर्टात बेंच क्लार्क होते. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी भाजी खारट झाली की 'हरकत नोंदवून ठेवा' म्हणत. कोणाला हाक मारायची तर एकदा मारून भागत नसे. दारात उभं राहून तीनदा, नाव घेऊन, शेवटी 'हाजिर हो!' दूधवाल्यालाही तसंच, मांजरालाही तसंच. पुकारा करणं हे काही बेंच क्लार्कचं काम नव्हे, ते पट्टेवाल्याचं. पण नोकरीत असताना ती हौस राहून गेली होती म्हणे.

रोज सकाळी ते रिकाम्या हॉलमध्ये माइक लावून पाहत. "हॅलो, हॅलो. वधूपक्षाकडची मंडळी उठली का?" वधूपक्षाकडची मंडळी म्हणजे मी. मी उशी कानावर दाबून धरी आणि मनातल्या मनात त्यांना बैलाचं इंजेक्शन देई. स्वयंपाकघरातून काकू ओरडत, "चहा झाला!" की लगेच कर्ण्यातून जाहीर होई, "चहापान तयार आहे. वरपक्षानं आधी घ्यावं." वरपक्ष म्हणजे ते स्वतः. पाऊणशे खुर्च्यांना उद्देशून एक म्हातारा स्वतःलाच चहाचं आमंत्रण देतोय, हे ऐकत मी दात घासायचे. कपाळ माझं!

पंगतीच्या हॉलमध्ये पंगत बसायला जागा नव्हती. तिथं काकूंच्या भावाचा, म्हणजे मामांचा, कापूस छतापर्यंत भरलेला होता. त्या वर्षांत कापसाला भावच नव्हता. नेरमधल्या अर्ध्या घरांत कापूस आत आणि माणसं ओसरीवर अशीच तऱ्हा होती. मामा दर बाजाराला येत, ढिगावरून हात फिरवत, "अजून थोडं थांबू," म्हणत आणि एस.टी.नं परत जात. तंतू उडून वरणात, चहात, माझ्या सिरिंजच्या डब्यात. अंगभर खाज. आणि आगीची धास्ती अशी की त्या अख्ख्या मंगल कार्यालयात काडी ओढायला बंदी. जिथं होम व्हायचे तिथं काकूंना देवापुढं समई लावायची तरी नवऱ्याची परवानगी लागे.

लग्नं येत नव्हती याचं कारण पानठेल्यावरचं पोरगंही सांगू शकलं असतं. लोकांच्या हातात काही उरलंच नव्हतं. लेकींची लग्नं अंगणात नाहीतर सामुदायिक विवाहात उरकत. पण एवढं साधं कारण काकांना पटत नसे.

"मुद्दा क्रमांक एक," ते मला समजावत. "शुक्र सूर्याच्या जवळ गेला का उजेडात दिसेनासा होते. पंचांगवाले म्हणते अस्त झाला. अस्तात लग्न नाई. म्हणजे माहं कार्यालय बंद. मुद्दा क्रमांक दोन, गुरुजी सांगते का पांढऱ्या वस्तूचा मालक शुक्र. कापूस कोणता हाय? पांढरा! भाव कोणी पाडला मग?"

"काका, भाव बाजार पाडतो."

"बाजारावर कोन हाय?" ते पुन्हा आभाळाकडं बोट करत.

बौद्ध मंडळींवर त्यांचा भारी लोभ. "हे खरे गिऱ्हाईक," म्हणत, "शुक्र पाहात नाई, गुरू पाहात नाई. वंदना झाली का जेवले." त्यांच्याकडचं लग्न असलं की काका स्वतः पाण्याचे पेले भरून फिरत. इतर वेळी घरात एक जण शुक्राला शिव्या देई आणि दुसरं माणूस दर शुक्रवारी त्यालाच गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य दाखवी. प्रसादाचे फुटाणे मात्र काका खात. दुश्मनाकडून जेवढं वसूल होईल तेवढं करावं, असा त्यांचा हिशेब.

आता हसू येतं, पण त्या वैरामागं एक खरं दुखणं होतं. काकांची एकुलती एक लेक मंदा. शिवणक्लास चालवायची, माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ, मनानं गाईसारखी. तिचं लग्न पूर्वी एकदा जमलं होतं. अगदी साखरपुडा होऊन. मग शुक्राचा अस्त आला. पुढं ढकलू म्हणाले. अस्त संपला तर चातुर्मास लागला. दिवाळी होईतो नवऱ्याकडच्यांनी दुसरी मुलगी पाहिली. साखरपुड्याची साडी परत गेली. त्या दिवशी काकांनी अंगणात येऊन चांदणीकडं पाहत जे सुनावलं ते काकू अजून सांगत नाहीत.

दोन हजार चारच्या उन्हाळ्याच्या शेवटी मंदाचं पुन्हा जमलं. ढाणकीचा मुलगा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान. चाळिशीला टेकलेला, अबोल. पाहायला आला तेव्हा मंदाकडं कमी आणि हॉलच्या पंख्याकडं जास्त पाहत होता. जाता जाता फक्त म्हणाला, "याचं बेअरिंग गेलं." आणि दुसऱ्या रविवारी बेअरिंग घेऊन आला. मंदा मला म्हणाली, "करीन तर याच्यासंगच." सगळं ठरलं, आणि पंचांग उघडलं तर शुक्राचा अस्त! अस्त संपताच आषाढ, मग चातुर्मास, त्यात त्या वर्षी अधिक मासही घुसलेला. म्हणजे लग्न थेट तुळशीच्या लग्नानंतर.

काका दोन दिवस माइकवर बोलले नाहीत. घर कसं सुतकात गेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे कर्णा कडाडला, "वधूपक्ष हाजिर हो!" मी धावत बाहेर आले तर म्हातारा वर्तमानपत्र नाचवत होता. आठ जूनला शुक्र सूर्याच्या बिंबावरून जाणार, भरदिवसा, काळ्या ठिपक्यासारखा, चांगले सहा तास.

"पाह्यलं? दिसन तो! मंग अस्त कायचा? अस्त म्हणजे न दिसणं. दिसला का अस्त खारीज!"

गुरुजींना बोलावून घेतलं. गुरुजी मवाळ माणूस. म्हणाले, "अहो, दिसायचा म्हणजे पहाटे पूर्वेला नाहीतर सांजेला पश्चिमेला."

"कोठं दिसावा असं लिहिलं हाय का पंचांगात?"

गुरुजींनी पानं चाळली. "लिहिलेलं नाही. असं आजवर कोणी विचारलंच नाही."

"संपलं! मुद्दा मान्य."

गुरुजी पाघळले, पण वराची आई पाघळणारी नव्हती. ठणठणीत म्हातारी, नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, आवाज तहसीलदारासारखा. ढाणकीहून एस.टी.नं येऊन तिनं काकांच्या तोंडावर सांगितलं, "अस्तात मी पोरगं उभं करत नसते." काका वाद घालत राहिले. शेवटी ती म्हणाली, "मले दाखवा. वऱ्हाड घेऊन येतो, अंतरपाट धरा. माह्या डोयानं तो दिसला तर लागू द्या लगन. नाई दिसला तर जेवतो अन् तुळशीनंतर येतो."

"मंजूर!" काका ओरडले. तुळशीनंतर म्हणताच मंदानं शिवणयंत्र थांबवलं, हे त्यांनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं.

आता म्हातारीला सूर्याकडं पाहायला लावायचं कसं? काका काजळी धरलेली काच घेऊन निघाले तेव्हा मी त्यांच्यावर अशी खेकसले की पानठेला गप्प झाला. "डोळा गेला तर माझ्याकडं औषध फक्त गुरांचं आहे!" वर्तमानपत्रातच दुसरी युक्ती दिली होती. आरशाला कागद लावायचा, कागदाला वाटाण्याएवढं भोक पाडायचं, उन्हात आरसा धरून कवडसा लांब अंधारात टाकायचा. तो कवडसा म्हणजे सूर्याचं बिंबच. आरसा माझ्याच खोलीतला. काकांनी तो उचलून नेला आणि त्यावर न खपलेल्या लग्नपत्रिकांचे नमुने खळीनं चिकटवले. आठवडाभर मी वेणी पातेल्यात पाहून घातली.

मग तालमी सुरू झाल्या. काका अंगणात उकिडवे बसून सूर्य फेकायचे आणि तो नको तिथं जायचा. एकदा म्हशीच्या पाठीवर, एकदा पानठेलेवाल्याच्या कपाळावर, एकदा समोरच्या बाई अंगणात वाळवण घालत होत्या तिथं. त्यांचे यजमान काठी घेऊन आले. बिंब सारखं सरकायचं, म्हणून आरसा सारखा हळूच वळवत राहावा लागे. काकांनी हॉलच्या खिडक्या बंद केल्या आणि फटी मामांच्या कापसानं बुजवल्या. मामांना विचारलं नाही.

मामांची वेगळीच तगमग. मृग तोंडावर आलेला, बियाण्याच्या थैल्या घरात येऊन पडलेल्या. एकाच अंगणात दोन म्हातारे माना वर करून उभे असत. एक ढग मागे, दुसरा ढग नको म्हणे. काकू दोघांनाही चहा देत. एका संध्याकाळी गल्लीतले चार-सहा जण आले. "काका, तो आरसा झाका. ढग येते अन् त्याले पाहून फिरते."

"हरकत नोंदवली," काका म्हणाले. "निकाल आठ तारखेले."

आठ तारखेला आभाळ धुतल्यासारखं निघालं. वऱ्हाड आलं. माझ्या खोलीत मंदाला मी तयार केलं, आरशावाचून. हॉलमध्ये मिट्ट अंधार. बायका कुरकुरत होत्या, "साड्या काय अंधारात दाखवाव?" पंखे मात्र मस्त फिरत होते. कन्यादान मामा-मामींनी करायचं ठरलं, कारण आरसा धरायला काका कोणाला देईनात. मी म्हटलं, मी धरते. "तुमी गाय धरा," म्हणाले. "ह्याले मीच पकडणार." अंगणात, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, आरसा मांडीशी धरून ते बसले. दाराची एवढीशी फट उघडी ठेवली. आत मला उभं केलं, बिंब सरकलं की ओरडून सांगायला.

अंतरपाट धरला. दाराकडं पाठ करून जरा बाजूला तो, पलीकडं दाराकडं तोंड करून मंदा, आणि कापडाच्या कडेला तिच्याजवळ मी. दारातून उजेडाचा एक दांडा आला, भिंतीवर चढला, गुरुजींच्या पोटावरून घसरला आणि अंतरपाटाच्या मधोमध थाळीएवढा सूर्य टेकला. अख्खा हॉल 'अगं बाई' म्हणाला. बाहेरून पुकारा आला, "शुक्र हाजिर हो! शुक्र हाजिर हो! शुक्र हाजिर होऽऽ!"

वराची आई पुढं झाली. बिंबाच्या कडेपासून थोडा आत एक काळा ठिपका होता.

"माशी हाय," ती म्हणाली आणि पदरानं हाकलली. ठिपका हलला नाही. तिनं फुंकर मारली. मग नख लावून खरवडायला गेली, तर ठिपका तिच्या नखावर आला. तिनं बोट काढलं, तो परत कापडावर. पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा नखावर. मी मंदाकडं पाहिलं. मुंडावळ्यांच्या आत तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि माझा हात तिनं इतका आवळला होता की माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

म्हातारीनं आपलं नख डोळ्यांजवळ आणून नीट पाहिलं. मग मागं वळून भडकलेल्या आवाजात विचारलं, "एवढासाच?"

तिनं कापडावर पुन्हा बोट आपटलं.

"हा एवढासा मेला! याच्यासाठी माह्या पोराचं लगन तुळशीवर ढकलून राह्यले तुमी? गुरुजी, काय पाहून राह्यले? म्हणा ना!"

गुरुजींनी अशी मंगलाष्टकं म्हटली की श्वास घ्यायलाही थांबले नाहीत. अस्त खारीज झाला की कायम राहिला, हा मुद्दा कोणाच्या ध्यानातच उरला नाही. 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, आणि सूर्याचं ते बिंब नेमकं मंदाच्या तोंडावर पडलं. एवढ्या अंधारात फक्त तिचा चेहरा. नवरदेव पहिल्यांदाच पंखा सोडून तिच्याकडं बघत राहिला. मग तो उजेड थरथरायला लागला. तिच्या कपाळावर, हनुवटीवर, परत कपाळावर. "बाहेर वारा सुटला वाटते," कोणीतरी म्हणालं. अक्षता पडल्या.

मी धावत अंगणात गेले. काका तसेच आरसा धरून.

"दिसला का?"

"दिसला."

"केवढा होता?"

मी नखाचं टोक दाखवलं.

"हॅट! नीट पाह्यलं का तुमी?" त्यांचा विश्वासच बसेना. "लग्न?"

"लागलं काका. मंदा फार सुंदर दिसत होती. जा, आत जाऊन पाहा, मी धरते आरसा." मी आरसा हातात घेतला, आणि काका दारापर्यंत पोचले असतील नसतील तोच आभाळ भरून आलं. आरशात नुसते ढग. मामा हॉलमधून बाहेर आले आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागले. संध्याकाळपर्यंत सूर्य काही दिसला नाही. शुक्र आपला तिकडं ढगांआड निवांत निघून गेला असणार.

काका पायरीवर बसले. त्यांनी शुक्र पाहिला नाही, आणि लेकीचं लग्नही पाहिलं नाही. मग म्हणाले, "नोंद घ्या, डॉक्टरीणबाई. आरोपी हजर होता. फिर्यादी गैरहजर." मला तेव्हा फार हसू आलं, आणि त्या हसण्याची नंतर फार लाज वाटली.

पुढं माझी बदली झाली. काकांचा फोन मात्र यायचा, म्हशीची चौकशी करावी तशी शुक्राची. "आठ वर्सानं परत येते तो. मंग शंभरावर वर्स नाई. तवा या."

दोन हजार बाराच्या जूनमध्ये मी गेले. या वेळी पहाटेच, सूर्य उगवतानाच शुक्र त्याच्यावर बसलेला असणार होता. काका काठीवर आले होते. पंगतीच्या हॉलमध्ये कापूस नव्हता, सोयाबीन होतं. ढाणकीहून मंदा आणि जावई आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. मंदानं पिशवीतून तोच अंतरपाट काढला. शिवणारी बाई, पण त्या कापडाला तिनं कात्री लावली नव्हती.

"आज आरसा मी धरणार," मी बजावलं. "तुम्ही आत. वाद नको."

अंगणात माझ्याजवळ आरसा, आत दोघांनी धरलेला अंतरपाट, समोर खुर्चीत काका. मी कोवळं ऊन पकडून दारातून आत सोडलं. मला आतलं काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. मग काठी टेकल्याचा आवाज.

"एवढासाच?" काका म्हणाले.

काठी पुन्हा फरशीवर आपटली.

"मंदे, ह्या एवढ्याशासाठी मी तुहं लग्न नाई पाह्यलं?"

काकूंनी कुठंतरी भांडं खाली ठेवलं. मग तो अबोल जावई बोलला. "मंग आता पाहा ना," म्हणाला. मला खुर्च्या सरकल्याचं ऐकू आलं, आणि काकांचाच घोगरा आवाज. मंगलाष्टक त्यांना अर्धंच येत होतं. त्यात गंगा, यमुना, पुढं चुकून पुन्हा गंगा, आणि मग एकदम, "शुभमंगल सावधान!" कापड खाली गेलं असणार. काकूंनी मूठभर काहीतरी उधळलं, ते फरशीवर टपटपलं. फुटाणे होते, नंतर कळलं.

मी आरसा घट्ट धरून बसले होते. निदान मला तसं वाटत होतं.

"डॉक्टरीणबाई!" आतून काका ओरडले. "उजेड हलून राह्यला तिच्या तोंडावर!"

"वारा आहे काका!" मी ओरडले.

"वारा नाई!" काका म्हणाले. "तवाही नव्हता."